किडनी, तेल आणि ई जीवनसत्त्व : गटाचं कर्ज कशासाठी काढायचं?

(प्रभागसंघाच्या आरोग्य सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या सख्यांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आजचा विषय मी निवडलेला नाही, तो तुमच्या कर्ज रजिस्टरनं निवडला आहे. गेल्या काही महिन्यांत दोन-तीन गटांच्या नोंदी बघताना एकच कारण पुन्हा पुन्हा दिसलं: 'किडनीच्या औषधासाठी'. विचारलं तर कळलं, गावात कुणीतरी कॅप्सूलचे डबे घेऊन येतं. सांगतं, यात ई जीवनसत्त्व आहे, माशाचं तेल आहे, तीन महिने घ्या, किडनी धुऊन निघेल. आणि आपल्या बाया दंडावरचं किडूक-मिडूक बाजूला ठेवून गटातून कर्ज उचलतात. बाईचा जीव घरच्या माणसात अडकलेला असतो, म्हणून ती उचलते. तिला कुणी हसू नये. पण गटाचा पैसा कुठे जातो हे बघणं आपलं काम आहे.

म्हणून आज तीन प्रश्नांची उत्तरं शोधू. आपण खातो त्या तेलाचा किडनीशी संबंध आहे का? ई जीवनसत्त्वानं किडनी वाचते का? आणि पैसा खर्च करायचाच, तर आधी कशावर करायचा?

शेवटचं उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना एसटी गाठायची आहे त्यांनी तेवढं तरी घेऊन जावं. आधी बीपी, शुगर आणि लघवीची तपासणी. मग मीठ आणि तेल मापात. कॅप्सूल डॉक्टरांनी लिहून दिली तरच.

आता सावकाश बोलू.

किडनी करते काय?

किडनी म्हणजे मूत्रपिंड. कमरेच्या वर, पाठीच्या बाजूला, मुठीएवढ्या दोन. एकेका किडनीत सुमारे दहा लाख बारीक चाळण्या असतात. दिवसभरात दोन्ही किडन्या मिळून साधारण १८० लिटर पाणी गाळतात. त्यातलं जवळजवळ सगळं रक्तात परत पाठवतात आणि फक्त दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. आपण घागरी भरून पाणी आणतो ना, तसं मोजलं तर रोज बारा-पंधरा घागरी पाणी गाळायचं काम, तेही सुट्टी न घेता. शिवाय मीठ आणि पाणी यांचा मेळ राखणं, बीपी सांभाळणं, रक्त तयार व्हायला मदत करणं, हाडं मजबूत ठेवणं, हीसुद्धा तिचीच कामं.

या चाळण्या म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे गुच्छ. म्हणून रक्तवाहिन्यांना ज्या गोष्टी खराब करतात, त्याच किडनीला खराब करतात. पहिल्या दोन गोष्टी वाढलेली शुगर आणि वाढलेलं बीपी. किडनी निकामी होण्याची सगळ्यात मोठी कारणं हीच. त्यानंतर अंगदुखीच्या गोळ्या, वारंवार होणारे मूतखडे, लघवीचा जुना जंतुसंसर्ग, काही जन्मजात आजार.

आणि किडनी सोशिक आहे, अगदी आपल्यासारखी. अर्धंअधिक काम बंद पडेपर्यंत ती तक्रार करत नाही. लघवीला फेस येणं, सकाळी डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी पायावर सूज, रात्री सारखं उठावं लागणं, भूक मरणं, विनाकारण थकवा, ही लक्षणं दिसतात तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. 'दुखत नाही म्हणजे किडनी चांगली' हे गणित इथे चालत नाही.

तेलाचा संबंध कुठे येतो?

तेल थेट जाऊन किडनीत साचत नाही. 'तेलानं किडनी तुंबते' असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. संबंध आहे तो वळसा घालून. तेल-तूप जास्त झालं की वजन वाढतं, पोट सुटतं. पोट सुटलं की शुगर आणि बीपी वाढायला वाट मिळते. साय, डालडा, वारंवार तळलेलं तेल असल्या गोष्टी रोज पोटात गेल्या की रक्तातलं वाईट कोलेस्ट्रॉल वाढतं, रक्तवाहिन्यांच्या आत थर बसतो. किडनीच्या रक्तवाहिन्या त्यातून सुटत नाहीत, आणि हृदयाच्याही नाहीत. किडनीच्या रुग्णांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा खूप जास्त असतो, हे लक्षात ठेवा.

पण तेल अजिबात नको, असंही नाही. शरीराला काही स्निग्ध पदार्थ बाहेरूनच लागतात, ते शरीर स्वतः बनवू शकत नाही. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं तेलाशिवाय अंगी लागत नाहीत. प्रश्न आहे कोणतं आणि किती, एवढाच.

ई जीवनसत्त्व म्हणजे काय?

याची गोष्ट मजेशीर आहे. १९२२ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप हे दोन शास्त्रज्ञ उंदरांवर प्रयोग करत होते. यातल्या बिशप बाई होत्या, हेही सांगायला हवं. एका ठरावीक आहारावर उंदरांच्या माद्या गाभण राहायच्या, पण पिल्लं जगायची नाहीत. आहारात हिरवा पाला किंवा गव्हाचा अंकुर घातला की पिल्लं जगायची. त्यात जे काही होतं, ते पुढे ई जीवनसत्त्व म्हणून ओळखलं गेलं.

ते करतं काय, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं समजेल. डबा उघडा राहिला, उन्हात राहिला की तेल खवट होतं की नाही? हवा लागून तेल बिघडतं. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं, तेही असंच बिघडू शकतं. ई जीवनसत्त्व हे बिघडणं रोखतं. निसर्गानंही बघा कशी सोय केली आहे: ज्या बियांमध्ये लवकर खवट होणारं तेल असतं, त्यातच बहुधा ई जीवनसत्त्वही असतं.

आपल्याला ते लागतं किती? निरनिराळ्या शिफारशी बघितल्या तर मोठ्या माणसाला दिवसाला १० ते १५ मिलिग्रॅमच्या आसपास पुरतं. आणि मिळतं कुठून? १०० ग्रॅम सूर्यफूल तेलात साधारण ४० मिलिग्रॅम, करडईच्या तेलात ३४, शेंगदाणा तेलात १६, सोयाबीन तेलात ८. मूठभर शेंगदाण्यात, म्हणजे ३० ग्रॅममध्ये, दोन-अडीच. पालकासारख्या पालेभाजीतून आणखी थोडं.

आता बेरीज करा. दिवसाकाठी करडईचं २५ ग्रॅम तेल पोटात गेलं तर आठ-साडेआठ मिलिग्रॅम झालं. त्यावर शेंगदाण्याची चटणी नाहीतर कूट घातलेली भाजी, आणि एखादी पालेभाजी. झालं की काम! चांगलं खाणाऱ्या माणसाला ई जीवनसत्त्वाची कमतरता सहसा होत नाही. ती होते आतड्याला तेल पचवता न येणाऱ्या काही आजारांत, आणि त्याचं निदान डॉक्टर करतात.

मग कॅप्सूलनं किडनी वाचते का?

डबा विकणारा माणूस म्हणतो, थोडं चांगलं असेल तर जास्त अजून चांगलं. मोठमोठ्या डॉक्टरांनाही एकेकाळी ही आशा वाटत होती. म्हणून त्यांनी तपासून बघितलं.

'होप' नावाचा एक मोठा अभ्यास झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. १९ देशांतली साडेनऊ हजार माणसं, सगळी ५५ वर्षांवरची, कुणाला हृदयविकार तर कुणाला मधुमेह आणि सोबत आणखी एखादा धोका. निम्म्यांना रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. साडेचार वर्षं लक्ष ठेवलं. हृदयविकाराचा झटका, लकवा यात फरक पडला नाही. मधुमेह असलेल्यांच्या किडनीचं नुकसानही ई जीवनसत्त्वानं थांबलं नाही.

पण या अभ्यासात दुसरी एक गोळीही तपासली होती, तिचं नाव रॅमिप्रिल. ही बीपीची गोळी आहे, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही ठाऊक असलेली. तिनं हृदयविकार कमी झाला, आणि मधुमेही माणसांत किडनीचं मोठं नुकसान सुमारे चोवीस टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे त्याच माणसांत, त्याच वर्षांत, जीवनसत्त्वाची कॅप्सूल हरली आणि बीपीची गोळी जिंकली. आज मी सांगते त्यातलं एकच लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा. अर्थात ही गोळी मेडिकलमधून आपल्या मनानं आणायची नाही. गरोदरपणात ती चालत नाही, आणि सुरू केल्यावर रक्त तपासावं लागतं. डॉक्टर ठरवतील.

माशाच्या तेलाचंही असंच. मधुमेह असलेल्या तेराशे माणसांना पाच वर्षं रोज माशाचं तेल देऊन बघितलं, त्याचा निकाल २०१९ मध्ये आला. किडनीच्या कामात फरक पडला नाही.

खरं ते सगळं सांगायला हवं म्हणून हेही सांगते. हृदयविकार असलेल्या डायलिसिसच्या रुग्णांवर इस्राएलमध्ये एक छोटा अभ्यास झाला होता, १९६ माणसांचा. त्यात ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांना हृदयाचा त्रास कमी झाला. पण तो छोटा होता, आणि त्यातली माणसं डॉक्टरांच्या नजरेखाली होती. त्यावरून गावातल्या प्रत्येकानं डबा घ्यावा असं होत नाही. उलट मोठ्या मात्रेत हे जीवनसत्त्व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या आड येतं, रक्तस्रावाचा धोका वाढतो. अमेरिकेत ३५ हजार पुरुषांवरच्या अभ्यासात वर्षानुवर्षं ४०० युनिट घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के जास्त दिसला. म्हणजे 'फायदा नाही झाला तर तोटा तरी काय' हेही म्हणता येत नाही.

आपल्या मातीतलं तेल

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ. मराठवाड्यात रब्बीला ज्वारी आणि करडई हा जुना जोड. म्हातारी माणसं सांगतील, कडेला करडई लावली की काट्यांमुळे जनावर शेतात शिरत नाही. कोवळ्या करडईची भाजी आपण भाकरीसोबत खातो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं करडईवर वर्षानुवर्षं काम केलं, 'परभणी कुसुम' हे वाण तिथलंच. पण सोयाबीन आलं, काट्यातली काढणी करायला मजूर मिळेनात, आणि करडई मागे पडली. घाण्याचं तेल जाऊन पिशवी आली.

करडईच्या तेलात घट्ट चरबी फार कमी, दहा टक्क्यांच्या आतबाहेर. पामतेलात ती निम्मी असते, तुपात त्याहून जास्त. शिवाय ई जीवनसत्त्व आहेच. पण करडईलाही देव करू नका. त्यात ओमेगा-तीन नावाचा स्निग्ध पदार्थ जवळजवळ नसतो. तो मिळतो जवसातून. म्हणून आपल्या आज्यांच्या ताटात करडईचं तेल आणि जवसाची चटणी शेजारी-शेजारी असायची, ते काही उगाच नव्हतं. जवस मात्र भाजून कुटून खायचा, अख्खा खाल्ला तर तसाच बाहेर पडतो.

करडई परवडत नसेल तर? तेल आलटून-पालटून वापरा. एक महिना शेंगदाणा, एक महिना सोयाबीन किंवा सूर्यफूल, जमेल तेव्हा करडई. आणि पिशवीवर 'कोलेस्ट्रॉल फ्री' असं मोठं लिहिलं म्हणून वीस रुपये जास्त देऊ नका. कोलेस्ट्रॉल प्राण्यांपासून आलेल्या पदार्थांत असतं. बियांच्या कुठल्याही तेलात ते नसतंच.

किती तेल? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीचा आधार घेतला तर बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला २० ग्रॅम, कष्टाचं काम करणारीला ३० ग्रॅमपर्यंत. आपण मधला २५ धरू. म्हणजे चहाचे पाच चमचे, त्यात फोडणी, भाकरीवरचं, तळण, सगळं आलं. पाच माणसांच्या घरात रोज सव्वाशे ग्रॅम. म्हणजे १५ किलोचा डबा चार महिने जायला हवा, आणि पाच लिटरचा कॅन पाच आठवडे. तुमच्याकडे किती दिवस जातो? उत्तर आत्ता नको. घरी गेल्यावर डबा फोडाल त्या दिवसाची तारीख त्यावर खडूनं लिहा, संपेल त्या दिवशी बघा. गटाचा हिशेब आपण पैशापैशानं ठेवतो, तेलाचा एकदा ठेवून बघा. पैसेही वाचतील.

कालवणावर तर्री आली की पाहुणे खूश होतात, हे मलाही माहीत आहे. सणावाराला येऊ द्या. रोज नको.

तळणाचं तेल आणि आपले व्यवसाय

आपले कित्येक गट शेव, चकली, भजी, वडे करतात. काही जणी शाळेत पोषण आहार शिजवतात. हा मुद्दा खास तुमच्यासाठी. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यातलं ई जीवनसत्त्व संपतं आणि घातक पदार्थ तयार होतात. तेल काळं पडलं, दाट झालं, फेस धरू लागलं, तापायच्या आधीच धूर यायला लागला, की ते संपलं. सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं १ जुलै २०१८ पासून यावर मर्यादा घातली आहे. खराब झालेल्या तेलात बिघडलेले पदार्थ २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल अन्नासाठी वापरायचं नाही. वनस्पती तूप आणि तेलातल्या ट्रान्स फॅटवरही २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे.

तळणाला करडईपेक्षा शेंगदाणा तेल बरं. उरलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा, परत कढईत नको. नव्या तेलात जुनं ओतू नका. आपल्या मालावर लोकांचा विश्वास आहे, तो तेलात बुडू द्यायचा नाही.

तेलाहून मोठी दोन नावं

खरं सांगू का ताई, किडनीच्या बाबतीत तेलापेक्षा मोठे दोन गुन्हेगार आपल्याच घरात बसलेले आहेत.

एक मीठ. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भाजीतलं, भाकरीच्या पिठातलं, लोणचं, पापड, ठेचा, सगळं धरून. मीठ वाढलं की बीपी वाढतं. ताटात वेगळं मीठ वाढून घ्यायची पद्धत मोडा.

दुसरा गुन्हेगार पदरात बांधलेली गोळी. कापूस वेचून, ऊस तोडून, दिवसभर वाकून खुरपून अंग ठणकतं. मग किराणा दुकानातून दोन रुपयांची गोळी. अशा बऱ्याच गोळ्यांत डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखं औषध असतं. ते किडनीचा रक्तपुरवठा कमी करतं. त्यात मे महिन्याचं ऊन, अंगातलं पाणी आटलेलं, पोटात काही नाही, अशा वेळी तर जास्तच धोका. कधीतरी डॉक्टरांनी दिली तर वेगळी गोष्ट. रोजची सवय नको. कामावर जाताना पाण्याची बाटली न्या, लघवी दाबून धरू नका. आडोसा नाही म्हणून पाणीच पीत नाही असं बाया सांगतात, तो विषय आपण ग्रामसंघात वेगळा घेऊ, कारण तो सोयीचा प्रश्न आहे आणि तो सुटू शकतो.

एका गटानं काय केलं

आता एका गटाचं सांगते, नाव-गाव सांगत नाही. एका ताईंनी कॅप्सूलसाठी कर्ज मागितलं. नवऱ्याला दहा वर्षांची शुगर, पायावर सूज. गटाच्या सचिवांनी नाही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, 'कर्ज देऊ, पण आधी तपासणीला. डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिली तर तीही घेऊ.' मग लघवीत प्रथिनं किती, रक्तात क्रिएटिनिन किती, बीपी किती, हे बघितलं. लघवीत प्रथिनं सापडली. बीपी वाढलेलं होतं आणि त्यावर गोळीच सुरू नव्हती. गुडघ्यासाठी ते रोज अंगदुखीची गोळी खात होते, ती डॉक्टरांनी बंद केली. कॅप्सूल कुणी लिहून दिली नाही. कर्ज मागितलं होतं त्याच्या चौथ्या हिश्शात हे सगळं झालं. ते ठणठणीत बरे झाले असं मी सांगणार नाही, किडनीचा आजार असा पुसला जात नाही. पण आता काय करायचं ते घरात माहीत आहे, आणि ताईंच्या डोक्यावर मोठं कर्ज नाही.

घरात किडनीचा रुग्ण असेल तर

इथे जरा सावध ऐका. मी आतापर्यंत सांगितलं ते धडधाकट माणसांसाठी. रुग्णाचा आहार वेगळा असतो. शेंगदाणे, पालेभाजी, फळं, डाळ किती, हे त्याच्या रिपोर्टवर ठरतं. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ अशा रुग्णाला देऊ नका, त्यात पोटॅशियम असतं आणि ते रक्तात वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. आणि घाबरून त्याचं तेल पूर्ण तोडू नका. डाळ-दूध मोजून मिळत असताना ताकद तेल आणि भाकरी-भातातूनच येते. तेही तोडलं तर माणूस वाळतो.

डायलिसिसची वेळ आली तर सहसा आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास. जाण्या-येण्याचा खर्च, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, हे वेगळंच. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आपल्या घाटी रुग्णालयात किंवा योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा. कर्ज काढायच्या आधी हे करा.

आणि आपलं काय?

आता शेवटचं, आणि माझ्या मनातलं. घरातल्या सगळ्यांच्या गोळ्यांच्या वेळा आपल्याला पाठ असतात. स्वतःचं बीपी शेवटचं कधी मोजलं? बऱ्याच जणी सांगतील, बाळंतपणात. गरोदरपणात ज्यांचं बीपी वाढलं होतं, पायावर सूज आली होती, त्यांना पुढे बीपीचा आणि किडनीचा धोका जास्त असतो. त्यांनी तर वर्षातून एकदा तपासायलाच हवं.

आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बाया जास्त आहेत, आई आणि बायको. आणि किडनी मिळणाऱ्यांत पुरुष जास्त. देताना आपण पुढे, घेताना मागे. २०१८ साली जागतिक किडनी दिन आणि महिला दिन एकाच तारखेला आले होते, ८ मार्चला. त्या वर्षी किडनी दिनाचा विषयच 'किडनी आणि महिलांचं आरोग्य' होता. दर वर्षी मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी हा दिवस असतो. त्याची वाट बघायची गरज नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकीचं बीपी आणि शुगर उपकेंद्रात, म्हणजे आपल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, मोफत तपासतात. आशाताईंना विचारा.

रिपोर्ट हातात आला की एक गोष्ट बघा. फक्त क्रिएटिनिनवर समाधान मानू नका. बारीक अंगाच्या बाईचं क्रिएटिनिन १.२ दिसलं तरी किडनीचं काम कमी झालेलं असू शकतं. 'ईजीएफआर किती आहे?' असं विचारा. तो आकडा ६० च्या खाली तीन महिने राहिला तर तो किडनीचा आजार.

तर पुढच्या महिन्यासाठी प्रत्येक गटानं तीन ठराव करावेत, अशी माझी विनंती आहे. आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहेच, त्याच रकान्यात लिहा.

एक, पुढच्या बैठकीच्या दिवशी आशाताईंना बोलावून सगळ्या सदस्यांचं बीपी मोजायचं. १४०/९० किंवा वर आलेल्यांची नावं त्यांच्या परवानगीनं लिहून त्यांना दवाखान्यात पाठवायचं, जमलं तर दोघी-दोघींनी.

दोन, प्रत्येकीनं तेलाच्या डब्यावर तारीख लिहायची आणि संपल्यावर गटात सांगायचं.

तीन, 'किडनीच्या औषधासाठी' कर्जाचा अर्ज आला, तर आधी तपासणी आणि डॉक्टरांची चिठ्ठी. तपासणीसाठी कर्ज लागलं तर ते त्याच दिवशी द्यायचं. त्यात दिरंगाई नको.

कॅप्सूलवाला पुन्हा गावात आला तर त्याच्याशी भांडायचं कारण नाही. एवढंच विचारा, 'दादा, आधी आमचं बीपी मोजता का?'

आता ज्यांना प्रश्न आहेत त्यांनी विचारा, मी थांबलेली आहे. बीपी मोजायचं यंत्रही आणलं आहे, मागच्या बाकावरून सुरुवात करू.